राणी कोणत्या घराण्याची?



मृगाचा पहिला दणक्याचा पाऊस झाला, की एक-दोन दिवसांनी संध्याकाळी आमच्या देवासला घरोघरी सारखीच धांदल उडते. दिवे मालवा, खिडक्या लावा, भाजीवर झाकण ठेवा! ट्यूबलाइटभोवती पाखरांचा नुसता धुरळा. सकाळी उठावं तर ओट्यावर पंखांचा ढीग, आणि केरसुणी लावली की तो आपल्या पुढे पुढे उडत जातो. माळव्याच्या काळ्या मातीत वाढलेल्या सगळ्यांना हे ठाऊक असणार, मग तुम्ही धारचे असा, उज्जैनचे असा, नाहीतर आता दूर परदेशात बसून हे वाचत असा.

या पाखरांत बहुतेक वाळवीची असतात, पण सगळी नाही. त्याच दिवसांत मुंग्याही उडतात. मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, असं आपण म्हणतो. (संत मुक्ताबाईंच्या मुंगीची गोष्ट वेगळी, तिथे हात जोडून आपण पुढे जाऊ.) म्हण खोटी नाही, कुणीतरी नीट बघून केलेली आहे. उडालेले नर फार दिवस जगत नाहीत. राण्यांपैकीही बहुतेक पाली, चिमण्या आणि बेडकांच्या पोटात जातात. पण जी वाचते ती जमिनीवर उतरून आपले पंख स्वतःच मोडून टाकते आणि बीळ शोधायला निघते. तेव्हा पंखवाली मुंगी मरायला निघालेली असेलही, पंख टाकलेली मात्र संसार थाटायला निघालेली असते. तो संसारही साधासुधा नाही. युरोपातल्या बागांमधल्या एका काळ्या मुंगीची राणी पाळलेल्या अवस्थेत २८ वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. आपल्या घरातला फ्रीज एवढा टिकत नाही.

यंदा जूनच्या शेवटच्या आठवड्यात अशीच एक पंख टाकलेली बाई आमच्या नातीने वाटीखाली धरून आणली. नात आठवीत आहे आणि तिला सगळ्याचं नाव लागतं. झाडाचं, पक्ष्याचं, रस्त्यावरच्या कुत्र्याचंसुद्धा. "आजी, ही राणी आहे ना? कोणती राणी?" आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "मकोड़ा है, फेंक दो बाहर." आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "देवासात राणी म्हटलं की आधी विचारायचं, थोरल्या पातीची की धाकट्या पातीची?" एकाच गावात पवारांच्या दोन गाद्या नांदल्या, त्यामुळे इथे असल्या विनोदांना तोटा नाही. पण मुंगीच्या बाबतीत हा प्रश्न विनोदाचा नव्हता. ती कोणत्या घराण्याची आहे यावर ती जगणार की मरणार हे ठरणार होतं.

ते कसं, ते आधी सांगते. एकट्या राणीला वसाहत सुरू करायची असते तेव्हा मुंग्यांच्या जगात दोन मुख्य रीती आहेत. पहिल्या रीतीत राणी बिळात शिरते, तोंड बंद करून घेते आणि पहिल्या मुली मोठ्या होईपर्यंत बाहेर पडत नाही. अन्नाचा कण नाही. उडण्यासाठी जे भरदार स्नायू तिच्या छातीत असतात, त्यांचा आता उपयोग नसतो. ते शरीरातच विरघळतात, आणि त्यावर आणि साठवलेल्या चरबीवर ती स्वतः जगते आणि पिल्लांनाही भरवते. अशा राणीला आपण प्रेमाने रोज उघडून साखर दाखवली, तर ती बिथरते, अंडी खाऊन टाकते, कधी मरतेही. दुसऱ्या रीतीतली राणी मात्र मधूनमधून बिळाबाहेर येऊन शिकार करते. तिला नळीत कोंडून "तुझा उपास आहे" असं सांगितलं, तर ती उपाशी मरते. म्हणजे खायला द्यायचं की नाही, एवढा साधा प्रश्नसुद्धा नाव कळल्याशिवाय सुटत नाही. माळव्यात पाहुणा आला की पोहे-जिलबी पुढे येणारच. नातीच्या हातात जिलबीचा तुकडा तयारच होता. तो तिला खायला लावला आणि भिंग आणायला पाठवलं.

मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि काचेच्या परीक्षानळ्या घरात असतात. राणीला छोट्या काचेच्या डबीत घालून पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवलं. फ्रीजरमध्ये नाही, खालच्या कप्प्यात, जिथे आपण कोथिंबीर ठेवतो. थंडीने मुंगी सुस्तावते आणि दोन-तीन मिनिटं बसून पाहू देते. खाली आलेखाचा कागद घातला, म्हणजे मोजमाप आपोआप होतं. लांबी भरली १७ मिलिमीटर.

आधी ती खरंच मुंगी आहे ना, ते पाहिलं. वाळवीची कंबर जाड असते, छाती-पोट सलग; मुंगीची कंबर चिमटीत धरल्यासारखी बारीक. वाळवीच्या मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ, मुंगीच्या मिशा कोपरात वाकलेल्या. पंख असते तर आणखी सोपं होतं, कारण वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात आणि मुंगीची पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा मोठी असते. आमची पाहुणी मुंगीच होती.

मग, राणी की नुसतीच मोठी कामकरी? इथे पुष्कळ लोक फसतात. काळ्या मुंगळ्यांत काही कामकरी एवढ्या दांडग्या आणि मोठ्या डोक्याच्या असतात की त्याच राणी वाटतात. बघायचं असतं डोक्याकडे नाही, छातीकडे. कामकरीची छाती अरुंद, वरून सपाट किंवा साध्या कमानीसारखी. राणीची छाती फुगीर, पाठीवर पोतं बांधल्यासारखी, कारण उडण्याचे स्नायू तिथेच असतात. तिच्या दोन्ही बाजूंना पंख तुटल्याचे व्रण दिसतात. आणि डोक्यावर, दोन डोळ्यांच्या मधोमध, तीन बारीक टिकल्यांसारखे साधे डोळे असतात. मुंगळ्याच्या कामकरीला ते नसतात. नातीने ते तीन डोळे पाहिले आणि "आजी, महादेव!" असं ओरडली. व्रणही होते. राणी ठरली. पंख टाकले होते, म्हणजे बहुधा नराशी भेट झालेली. तेवढ्या एका उड्डाणात मिळालेलं बीज ती आयुष्यभर पोटातल्या छोट्या पिशवीत जपून वापरते. ते लावून घातलेल्या अंड्यातून मुली होतात, न लावता घातलेल्या अंड्यातून मुलगे.

आता घराणं. मुंग्यांचं घराणं कंबरेवर लिहिलेलं असतं. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक गाठ आहे की दोन, एवढं मोजलं की निम्मा गोंधळ संपतो. दोन गाठी असतील तर आपल्या ओट्यावरच्या चावऱ्या लाल मुंग्या, घरट्यात बिया साठवणाऱ्या मुंग्या, पोट वर उचलून चालणाऱ्या झाडावरच्या मुंग्या अशी मोठी भावकी. एकच गाठ असेल तर मुंगळे, आंबा-काजूच्या पानांची घरटी शिवणाऱ्या लाल मुंग्या, आणि लांब जबड्यांच्या शिकारी मुंग्या. उपाशी मरण्याची भीती असते ती या शेवटच्या शिकारी मंडळींत. त्यांच्यातली डायकॅमा नावाची मुंगी तर आणखी वेगळी, तिच्यात राणी हा प्रकारच नाही. कामकऱ्यांपैकीच एक अंडी घालायचा मान मिळवते. म्हणून कुणी "डायकॅमाची राणी सापडली" म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

आमच्या पाहुणीला गाठ एकच, उभ्या पाकळीसारखी. पोटाच्या टोकाला नांगी नव्हती. तिथे बारीक केसांनी वेढलेलं एक गोल छिद्र होतं. भिंगातून ते दिसायला मला दोन मिनिटं लागली, नातीला दहा सेकंद. त्या छिद्रातून आम्ल फवारलं जातं. डोंगळा डसत नाही, जबड्याने चावतो आणि चाव्यावर आम्ल सोडतो, म्हणून आग होते; लाल मुंगी मात्र नांगीने डसते. आपल्या भाषेत आपण हा फरक बरोबर करत नाही, सगळ्यांनाच "चावली" म्हणतो. शिकारी मुंग्यांना नांगी असते. म्हणजे ते घराणं बाद झालं, आणि माझ्या मनावरचं अर्धं ओझं उतरलं.

शेवटी मिशा. मिशीचं मूळ तोंडावरच्या पट्टीला अगदी चिकटून आहे की थोडं मागे सरकून? आमच्या राणीच्या मिशा पट्टीच्या मागच्या कडेपासून अंतर ठेवून निघत होत्या. ही खूण कॅम्पोनोटस या कुळाची. मराठीत मुंगळा, डोंगळा, माकोडा अशी जी नावं आपण गावोगाव ऐकतो, ती बहुतेक याच कुळातल्या मोठ्या काळ्या मुंग्यांची असतात. कॅम्पोनोटसची राणी पहिल्या रीतीची, म्हणजे बीळ बंद करून उपास करणारी. तेव्हा निर्णय झाला: जिलबी नाही, साखर नाही, फक्त पाणी आणि अंधार. परीक्षानळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, मग तोंडाशी दुसरा बोळा. वरून जुन्या काळ्या पोलक्याचं कापड गुंडाळलं आणि नळी माझ्या शिवणाच्या कपाटात ठेवली. आठवड्यातून एकदाच, रविवारी, पाहायचं.

कूळ कळलं, जात कळायची होती. इथून पुढे पुस्तक लागतं, आणि मुंग्यांची पुस्तकं उघडली की गोष्टी फार सापडतात. जगात मुंग्यांच्या चौदा हजारांवर जातींना नावं मिळालेली आहेत. भारतातल्या मुंग्यांची राज्यवार यादी २०१६ साली प्रसिद्ध झाली, तीत १०० कुळांतल्या ८२८ जाती-उपजाती आहेत. पंजाबी विद्यापीठातले हिमेंदर भारती हे तिच्या लेखकांपैकी एक.

आपल्या मराठी मुलखातल्या जुन्या नोंदींसाठी पुण्याला जावं लागतं. कंपनी सरकारच्या फौजेतले कर्नल साइक्स दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलेले होते, पण त्यांचं अर्धं लक्ष किड्यामुंग्यांकडे. १८३५ साली त्यांनी भारतीय मुंग्यांच्या नव्या जातींचं वर्णन छापलं. पुण्याच्या परेडच्या मैदानाजवळ सकाळी फिरताना त्यांना गवताच्या बियांच्या मूठमूठभर ढिगाऱ्या दिसल्या. पावसाने भिजलेलं धान्य मुंग्यांनी उन्हात वाळत घातलं होतं! आपण गच्चीवर गहू वाळवतो तसंच. त्या मुंगीला त्यांनी 'दूरदृष्टीची' अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं. दुसरीची गंमत आणखी. त्यांच्या घरी मिठाईच्या टेबलाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवलेले होते, तरी मुंग्या पोचल्या. पायांना टर्पेंटाइन लावलं. मग मुंग्या भिंतीवर चढल्या आणि तिथून थेट टेबलावर पडू लागल्या. तिचं नाव ठेवलं 'न थकणारी'. दुधाच्या पातेल्याखाली पाण्याची परात ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना हे वाचून नवल वाटलं नसतं, पण लिहून ठेवलं साहेबाने.

पुढे मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यातले रॉटन साहेब आले. १८९२ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी 'आपल्या मुंग्या' अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. न ओळखता येणाऱ्या मुंग्या ते स्वित्झर्लंडला ऑग्युस्त फोरेल यांच्याकडे पाठवत. फोरेल पेशाने मानसोपचारतज्ज्ञ, झुरिकच्या मोठ्या मनोरुग्णालयाचे प्रमुख, आणि मन मात्र मुंग्यांत. त्यांनी एका मुंगीला रॉटनचं नाव दिलं. आमच्या देवासला बँक नोट प्रेस असल्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही: स्वित्झर्लंडने १९७८ साली काढलेल्या हजार फ्रँकच्या नोटेवर याच फोरेलचं चित्र होतं, आणि नोट उलटी केली की मागे मुंग्या! आमच्या ह्यांना हे सांगितल्यावर पहिल्यांदा वर्तमानपत्र खाली आलं.

भारतातल्या मुंग्यांवरचं मोठं पुस्तक बिंगम यांचं, १९०३ सालचं. त्यातल्या कोष्टकांवर बोट ठेवत ठेवत पुढे गेलं की जातीपर्यंत पोचता येतं. आजही लोक ते उघडतात. आणि इथेच आमची राणी अडली. मुंग्या ओळखण्याची कोष्टकं, बिंगमची असोत की अलीकडची, बहुतेक कामकऱ्यांवरून केलेली असतात. साहजिक आहे. वसाहतीत हजारो कामकऱ्या असतात, कधीही हाती लागतात. राणी एकटी, जमिनीखाली, वर्षातून एका संध्याकाळी दिसणारी. कित्येक जातींत राणीचं वर्णन दोन ओळींत उरकलेलं असतं, काहींत तेवढंही नसतं. म्हणजे राणीची ओळख पटवायची तर तिच्या मुली जन्माला यायची वाट पाहायला हवी.

अंदाज बांधता येत होता. आपल्या भागात सगळ्यांत जास्त दिसणारा काळा मुंगळा म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. शेवग्यावर, वांग्यावर मावा पडला की त्याच्याभोवती पहारा देत गोड रस पिणारा तो हाच. त्याला नाव दिलं फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञाने, १७८७ साली. नमुना गेला होता तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीहून, तेव्हा ती डेन्मार्कची वखार होती. याचा रंग मंद काळा, चकाकी नाही, पाय तांबूस. त्याचे भाऊबंद पोटाच्या लवेवरून वेगळे पडतात: कॅम्पोनोटस सेरिसियसच्या पोटावर सोनेरी रेशमी झाक असते, उन्हात धरलं की जरीच्या काठासारखी चमकते. पॅरियसच्या पोटावरही दाट लव असते. आमच्या राणीच्या पोटावर तसली झाक नव्हती, पाय तांबूस होते. सगळं कॉम्प्रेससकडे बोट दाखवत होतं, पण या कुळात एकमेकींसारख्या दिसणाऱ्या काळ्या मुंग्या पुष्कळ आहेत. नातीला हे अजिबात पटलं नाही. "आजी, नव्वद टक्के म्हणजे पास ना?" मी म्हटलं, पास, पण प्रमाणपत्र नंतर.

पहिल्या रविवारी काही नाही. दुसऱ्या रविवारी पाच अंडी, एकमेकांना चिकटलेली. तिसऱ्या रविवारी नऊ. चौथ्या रविवारी मोजली तर सहा! नातीचे डोळे भरून आले. "ती भुकेने खातेय. तू काही देऊ दिलं नाहीस." घरात सगळे तिच्या बाजूने. आमचे हेसुद्धा म्हणाले, "मधाचा एक थेंब लावून तर बघ." शेजारच्या काकू सांगून गेल्या की मुंग्यांना पीठ-साखर घालणं हे पुण्याचं काम, आणि तुम्ही जीवाला कोंडून उपाशी ठेवलंय. काकू रोज सकाळी टेकडीकडे फिरायला जाताना कणीक आणि पिठीसाखर मिसळून नेतात आणि मुंग्यांच्या बिळाशी टाकतात, त्यांना बोलायचा अधिकार होता. मला त्या रात्री झोप लागली नाही, हे खरं. एका बाजूला पुस्तकातली रीत, दुसऱ्या बाजूला आठवीतल्या मुलीचा चेहरा. पण मी पुन्हा पुन्हा त्या खुणांकडेच जात होते. एक गाठ, नांगी नाही, आम्लाचं छिद्र, मिशांची जागा. हे चारही चुकीचं पाहिलेलं असणं शक्य नव्हतं. कॅम्पोनोटसची राणी असेल तर ती उपास काढणार, आणि नव्या अळ्यांना भरवण्यासाठी काही अंडी खर्ची घालणं हेही तिच्या रीतीतच बसतं. नळी परत कपाटात गेली. नातीने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

पाचव्या रविवारी कोष दिसले. फिकट बदामी, तांदळाच्या कणीसारखे तीन. आपण ज्याला 'मुंगीची अंडी' म्हणतो आणि मुंग्या घर बदलताना तोंडात धरून नेताना दिसतात, ते पुष्कळदा हे कोषच असतात. कोष म्हणजे आणखी एक दाखला, बरं का. दोन गाठींच्या घराण्यात अळी कोष विणत नाही, उघडीच असते. मुंगळ्यांच्या अळ्या विणतात. राणी न बोलता आपली एकेक ओळख पटवून देत होती.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली मुलगी बाहेर आली. आईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी जेमतेम. उपासातल्या आईने वाढवलेल्या पहिल्या मुली अशाच खुरट्या असतात. पुढच्या रविवारपर्यंत चार झाल्या. आता मात्र साखरेच्या पाण्याचा थेंब आणि एक मारलेला डास आत गेला, कारण आता मुली बाहेर येऊन खातात आणि पोटातलं अन्न आईला तोंडाने भरवतात. पहिला थेंब ठेवायचा मान अर्थातच नातीचा. अबोला त्याच्या कितीतरी आधी संपला होता.

मुलींना भिंगाखाली घेतलं. मंद काळा रंग, सोनेरी झाक नाही, तांबूस पाय, छातीची अखंड कमान. कोष्टकात बोट कॉम्प्रेससपाशी येऊन थांबलं. तरी मोठ्या डोक्याच्या कामकऱ्या पहिल्या वेतात होत नाहीत, आणि खात्रीचं वर्णन त्यांच्यावर अवलंबून असतं. शास्त्रज्ञ अशा वेळी कुळाचं आणि जातीचं नाव यांच्यामध्ये 'सीएफ' ही अक्षरं लिहितात. लॅटिन शब्दाचं लघुरूप आहे, अर्थ 'ताडून पाहा'. मला ही पद्धत फार आवडते. माहीत आहे तेवढं सांगितलं आणि पुढच्याला दार उघडं ठेवलं. नळीवर चिठ्ठी लावली: कॅम्पोनोटस सीएफ. कॉम्प्रेसस, देवास, घराचा ओटा, जूनचा शेवटचा आठवडा, पावसानंतरची दुसरी संध्याकाळ. नाव उद्या बदलेल, जागा आणि दिवस बदलणार नाही. आणि ते नसेल तर नुसत्या नावाचा कुणाला काही उपयोग नाही.

पुण्याच्या भाच्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, कुरिअरने पाठव, इथे मुलं मुंग्या पाळतात, मोठी हौस आहे." नाही म्हटलं. ही हौस कुठवर जाते ते गेल्या वर्षी केन्यात दिसलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये नैवाशा इथे बेल्जियमच्या दोन किशोरवयीन मुलांकडे सुमारे पाच हजार राणी मुंग्या सापडल्या. कापूस घातलेल्या नळ्यांमध्ये, आमच्या राणीला ठेवलं अगदी तशाच. बिया गोळा करणारी तिथली मोठी जात, परदेशातल्या हौशी लोकांना विकली जाणारी. कोर्टाने दहा लाख केनियन शिलिंग दंड किंवा वर्षभराची कैद सुनावली. एकेक राणी म्हणजे न झालेली एकेक वसाहत. आणि उलट बाजूचं उदाहरण आपल्याच अंगणात आहे: उष्ण प्रदेशातली ती आगमुंगी, जी पायाला डसली की फोड येतो, ती मूळची अमेरिकेची. माणसांच्या जहाजांतून जगभर फिरली आणि आपल्याकडे येऊन घरची झाली. तेव्हा राणी जिथे सापडली तिथेच पाळायची आणि तिथेच सोडायची. आमची वसाहत दिवाळीनंतर मागच्या कडुलिंबाच्या बुंध्याशी जाईल, असं नातीशी कागदावर लिहून ठरलेलं आहे. तिने सही मराठीत केली, याचा मला वेगळा आनंद.

आता तुमच्याकडे वळते. पाऊस अजून संपलेला नाही, आणि काही जातींच्या राण्या उशिराही उडतात. कुणाला पंख टाकलेली मुंगी दिसली तर बोटाने उचलू नका. वाटी झाका, खालून पोस्टकार्ड सरकवा. फोटो तीन काढा. एक वरून, म्हणजे छाती दिसेल. एक बाजूने, म्हणजे कंबरेच्या गाठी मोजता येतील. एक समोरून चेहऱ्याचा, मिशांच्या मुळांसाठी. तिसरा सगळ्यांत अवघड, पण फ्रीजमधली पाच मिनिटं कामी येतात. सोबत गाव, तारीख, वेळ, पाऊस कधी झाला होता आणि ती एकटी होती की गर्दीत, एवढं लिहा. गर्दीत, स्वयंपाकघरात, इवल्या मुंग्यांच्या रांगेत दिसली असेल तर तीही कळवा. घरातल्या काही बारीक मुंग्यांत अनेक राण्या एकत्र नांदतात, त्यांचा हिशेब पुढच्या अंकात करू. आणि फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा. मागच्या वेळी फुलपाखरांचे फोटो मागवले तेव्हा निम्म्या मंडळींनी शेजारी रुपया ठेवला होता, आणि रुपयाची नाणी किती आकारांची निघाली आहेत ते तुम्हाला माहीतच आहे.